स्लॅबवरच्या पिशव्या

नंदनवन, नागपूर
सोमवार

प्रिय प्रेमानंदजी,

आणि त्या पिशव्यांचं काय करायचं, हे कोण सांगणार? चावी मीटरच्या पेटीवर ठेवली, गादी गुंडाळली, बादली पालथी घातली अन् सावनेरची बस पकडून निघून गेले. एका चिठोऱ्यावर दोन शब्द लिहायले काय झालं होतं? तो भला मोठा कुकर इथंच ठेवला, म्हणजे कायमचे गेले असं वाटत नाही. पण येतो असंही कोणाले सांगितलं नाही. फोन लावला तर तुमचे भाऊ बळीराम उचलतात. "तो वांग्यात गेला जी." सकाळी वांग्यात, भर दुपारी वांग्यात, दिवेलागणीले पण वांग्यात. या उन्हात वांगं पण मान टाकते, अन् तुम्ही तिथं उभेच? मी काही लहान पोर नाही. तुम्ही बाजूले बसून भावाले हातानं नाही-नाही करून राहिले, हे मले इथून दिसते. म्हणून कागद घेतला. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, काना-मात्रा मोजत बसू नका, सरळ वाचा. अन् भावाकडून वाचून घेऊ नका. स्वतः चष्मा लावा.

पहिली गोष्ट पहिले. तुमच्या पिशव्या मी स्लॅबवर टाकल्या नाहीत. बाकी काही नाही वाचलं तरी एवढं वाचा. मी त्या दिवशी घरातच नव्हती. सकाळीच कुरड्यांचे डबे घेऊन इतवारीत गेली होती. घरात होत्या माझ्या नणंदबाई, बायजाबाई. दर उन्हाळ्यात गव्हाचा चीक काढायले त्या माझ्याकडं येतात. यंदा आल्या तेव्हा तुम्ही गावाले फवारणीले गेलेले, म्हणून तुमची त्यांची गाठ पडली नाही. त्यांले कोणी सांगितलंच नव्हतं की समोरच्या खोलीतला भाडेकरू बुरशी पाळते. सांगितलं असतं तरी कोणाचा विश्वास बसला असता? कूलरचा आवाज आला, माणूस नाही अन् कूलर चालू, म्हणून बंद करायले दार लोटलं. पाहते तर मांडणीवर ओळीनं तांदळाच्या पिशव्या, अन् सगळे तांदूळ पांढरे-हिरवे बुरसलेले. अवं माय! बायजाबाईंच्या डोळ्यांले पाणीच आलं म्हणे. एकटा माणूस, घरात बाई नाही, कोण लक्ष देणार, एवढे तांदूळ सडले बिचाऱ्याचे. या बाईनं जन्मात दाणा वाया जाऊ दिला नाही. किडे लागले, उन्हात घाल. ओल आली, उन्हात घाल. गादीले वास सुटला, उन्हात घाल. तेच केलं. गुडघे दुखतात तरी एक-एक पिशवी जिन्यानं वर नेली, माझ्या कुरड्यांच्या चादरीशेजारी मांडली, अन् हवा लागावी म्हणून अर्ध्या पिशव्यांच्या तोंडचे कापसाचे बोळे उपसून टाकले. तुमच्यावर दया आली म्हणून. मग दमल्या अन् आतल्या खोलीत पंख्याखाली झोपल्या.

तेवढ्यात तुम्ही आले असाल. जिन्यातून वर पाहिलं असेल. मी तुमच्या जागी असती तर मी पण तेच समजली असती, हे मान्य करते. आपल्या गल्लीत भाडेकरूचं सामान स्लॅबवर दिसलं म्हणजे मालकिणीनं काढून टाकलं, हे शेंबड्या पोराले पण ठाऊक आहे. मागच्या घरातल्या त्या गॅरेजवाल्याची पेटी अशीच दोन दिवस वर पडून होती, अन् तो गुपचूप उचलून घेऊन गेला होता. पण मी तुमच्या जागी असती तर खाली येऊन दार बडवलं असतं, विचारलं असतं, की बाई, माझा गुन्हा काय? तुम्ही भांडले पण नाही. दार लोटून आत एक आवाज दिला असता तर बायजाबाई उठल्या असत्या अन् सगळं तिथंच फिटलं असतं. भांडत नाही त्या माणसाशी कसं वागावं, हे मले कोणी शिकवलं नाही.

मी आली तेव्हा ऊन अजून पांढरं होतं. एप्रिल संपतानाचं आपल्या नागपूरचं ऊन, त्यात स्लॅब. पिशव्यांले हात लावला तर चहाच्या पातेल्यासारख्या तापलेल्या, आतून घाम फुटलेला. मी बायजाबाईंवर ओरडली ते साऱ्या गल्लीनं ऐकलं. त्या उठून बसल्या अन् म्हणतात, "काय वं, तांदूळच तर आहेत ना?" मी म्हटलं, तांदूळ नाहीत बाई, त्या माणसाचं सालभराचं काम आहे. "मंग तांदळासारखे दिसतात काहून?" दोघींनी मिळून सगळ्या खाली आणल्या. पाण्याच्या टाकीच्या सावलीत ज्या पडल्या होत्या त्या तगल्या. बोळे उपसलेल्या सगळ्या गेल्या. त्यांच्यात पुढं काळी बुरशी धरली अन् असा वास सुटला की मांजरानं तो जिना सोडला. त्या मी नालीत टाकल्या नाहीत. तुम्ही एकदा सांगितलं होतं तसं आधी उकळून घेतल्या, मग मागच्या जागेत खड्डा करून पुरल्या. तुमच्याच कुकरात उकळल्या. हो, वापरला. विचारायले माणूस घरी असता तर विचारलं असतं.

तो कुकर पहिल्यांदा पाहिला तेव्हाची गंमत तुम्हाले कधी सांगितली नाही. दिवाळी होऊन गेली होती, तुम्ही खोली पाहायले आले. एक गादी, एक बादली, अन् लग्नाच्या पंगतीले पुरेल असा कुकर. मी मनात म्हटलं, एकटा माणूस सांगते अन् मागून गाव घेऊन येईल. तोंडावर विचारलं, एवढा भात कोण खाणार? तुम्ही किती वेळ विचार केला, अन् म्हणाले, "बुरशी." मले वाटलं, डोक्यावर परिणाम झालेला आहे, खोली द्यावी का नाही. मग कळलं, कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलं, आता स्वतःच भात शिजवून त्यावर ही हिरवी वाढवता, अन् गावागावात वांग्यावरच्या लाल कोळ्यासाठी देता. तो कोळी म्हणजे आपल्या घरातला जाळं विणणारा नाही, हे समजायले पण मले वेळ लागला. पानाच्या मागं राहते, डोळ्याले दिसत नाही, रस पिऊन पान फिक्कं करते. ही बुरशी त्याच्या अंगात शिरते अन् त्याले आतून संपवते. आमच्या घरात भाकरीले बुरशी आली तर आम्ही चिमटीत धरून लांब फेकतो, अन् तुम्ही तिले थंडी वाजेल का, गरम होईल का, असं पाहत उठत होते. अन् एक मात्र होतं. त्या खोलीतून निघाले की हात साबणानं धुवायचे, शर्ट बदलायचा, मगच माझ्या पापडांजवळून जायचं. मी कधी म्हटलं नव्हतं. एवढं तर या घरात आधी पण कोणी केलं नव्हतं.

तर ज्या पिशव्या वाचल्या, त्यांच्यासाठी मी आपल्याले जे जमते ते केलं. पाणी. कूलरची मोटर दिवसरात्र चालू, खस चिंब, खिडकीवर ओलं पोतं, पडदा लावून अंधार. मले वाटलं, उन्हानं पोळली आहे, आता हिले गारवा द्या, ओल द्या, कोणी तरास देऊ नका. अन् ती लाडावली. पांढरी-पांढरी अशी फुगली, जसा गादीवाल्यानं कापूस पिंजून भरला. पिशवीच्या आतून पाण्याचे थेंब ओघळून राहिले. मी घडीघडी दार उघडून पाहू, हिरवं काही दिसेना. मी तिले शिव्या पण दिल्या. बायजाबाई दारात उभ्या राहून म्हणे, "शिव्या देऊन चीक घट्ट होत नाही, तर ही का होईल?" मग मले हिवाळ्यातलं आठवलं. मी मेथी निवडत बसली होती अन् तुम्ही पायरीवर बसून सांगत होते. मी अर्धंच ऐकलं होतं, कारण तुम्ही एक वाक्य संपवायले एवढा वेळ लावता की तोवर माझी जुडी निवडून होते. तुम्ही म्हणाले होते, खायले भरपूर अन् पाणी भरपूर असलं की ही नुसती पसरते, बीजाणू धरत नाही. तुम्ही बीजाणू म्हणता, मी बी म्हणते. तांदूळ खाऊन संपत आला, हवा थोडी कोरडी झाली, उजेड लागला, की तिले कळते आता नुसतं पसरून भागणार नाही, अन् मग ती बी धरते, हिरवी होते. फार तापलं तर थांबते. फार ओलं ठेवलं तर तिच्याआधी दुसरीच कोणीतरी घर करते. मी तेव्हा म्हटलं होतं, नखरे किती बाईचे.

मग मी पोतं काढलं. मोटर दुपारच्या तापापुरती चालवली, संध्याकाळी नुसता पंखा. पडदा सारून उत्तरेचा उजेड येऊ दिला, ऊन नाही. पिशव्या बाहेरून हातानं कुस्करल्या, तुम्ही करता तशा, आतले गठ्ठे मोडले. अन् एक काम जे तुम्ही केलं असतं पण मले जमत नाही, ते म्हणजे वाट पाहणं. ते बायजाबाईंवर सोपवलं. खोलीले कुलूप घातलं अन् चावी त्यांच्या बटव्यात दिली. म्हटलं, मी मागितली तरी देऊ नका, मोटर चालू-बंद करायची ती पण तुम्हीच करा. मी मागितली. रोज मागितली. त्यांनी बटवा कमरेले असा खोचला की वैऱ्याच्या हाती लागू नये. अन् परवा सकाळी त्याच मले उठवायले आल्या. "चाल वं माया, पाह्य, हिरवी झाली." काठाकाठानं आधी, मग मधात. मुगाच्या सालाचा असतो ना रंग, तसा. सगळ्या नाही, पण ज्या झाल्या त्या चांगल्या दाट झाल्या. एक पिशवी उजेडाकडं धरून हलवली तर आत हिरवा धुरळा उडाला. बायजाबाई हात लावायले भीत होत्या, तरी बोट टेकवून पाहिलं. मी तुम्हाले पत्र लिहून राहिली, हे त्यांले सांगितलं. तर म्हणे, "नणंदेनं माफी मागितली असं लिहू नको हं. चूक झाली, असं लिही." तसंच लिहिलं आहे.

या हिरवीले आता सावलीत वाळवून चाळायची आहे, हे मले माहीत आहे. पण किती वाळवायची, हाताले कशी लागली म्हणजे झाली, हे मले माहीत नाही अन् अंदाजानं मी करणार नाही. तुमच्या भावाच्या वांग्यांले पण ती पाहिजे असेल. मी संक्रांतीच्या सुमाराले तुमच्यासोबत तिकडं आली होती ते आठवते का? ऊस-बिस खाऊ घालतील म्हणून आली, अन् तुम्ही मले वांग्याच्या झाडाखाली उकिडवं बसवलं अन् हातात भिंग दिलं. एक मेलेला कोळी दाखवला. लाल ठिपका, त्याच्या अंगावर बारीक लव आलेली. तुम्ही म्हणाले, पानावर ओल आहे म्हणून ही बाहेर आली, आता इथून उडेल अन् शेजारच्या कोळ्यांले लागेल. हवा कोरडी असली तरी कोळी मरते, पण ही त्याच्या आतच अडकून राहते, बाहेर निघतच नाही. म्हणून तुम्ही फवारणी नेहमी ऊन उतरल्यावर करता. मी भिंगातून पाहत होती, पण कानानं तुमचंच ऐकत होती. या माणसाच्या आत पण बरंच काही आहे, अन् बाहेर निघायले हवा मिळत नाही, असं वाटलं मले. अन् माझ्या आसपासची हवा किती कोरडी आहे, हे मले कोणी सांगायले नको. धम्मानंदचे बाबा गेल्यापासून मी दुकानदारांशी भांडली, नळवाल्याशी भांडली, पोराले एकटीनं शिकवून पुण्याले नोकरीवर धाडलं. गोड बोलायची सवय मोडली. ती काही तुमच्यामुळं मोडली नाही, तर तुम्ही तिचं वाईट पण वाटून घेऊ नका.

बायजाबाईंनी मले एकच विचारलं. पिशव्या खाली आणल्या त्या संध्याकाळी मी जेवली नाही, तर म्हणे, "भाडेकरूच्या तांदळासाठी एवढं?" मी उठून भांडी घासायले बसली. त्या माझ्या सासरच्या, माझ्या नवऱ्याची सख्खी मोठी बहीण. त्यांच्या तोंडावर ते सांगायचं म्हणजे जीभ जड होते. पण पुढच्या घाण्याले सोऱ्या दाबता दाबता सांगून टाकलं. त्या खाली मान घालून कुरड्या टाकतच राहिल्या. मी समजली, आता गाठोडं बांधतात. चादर भरली, पदरानं घाम पुसला अन् माझ्यावरच तापल्या. "मंग मले आधी सांगाचं होतं ना! मी काय त्या माणसाले घालवायले आली होती?"

काय सांगितलं, ते आता तुम्हाले सांगते, त्याच्यासाठीच हा कागद घेतला. तुम्ही गावाले गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी हात धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात आले. दिवाळीपासून मायाताई, मायाताई चाललं होतं, त्या संध्याकाळी ताई म्हटलंच नाही. म्हणाले, "बुद्ध पौर्णिमेले विहारात सोबत जाऊ का?" सोबत. पांढरे कपडे घालून, साऱ्या वस्तीसमोर, एका सतरंजीवर वंदनेले बसायचं. याचा अर्थ काय होते ते तुम्हाले ठाऊक होतं, म्हणून तर तुमचे कान लाल झाले होते, अन् मले ठाऊक होतं, म्हणून मी उठून चिकाचं पातेलं ढवळायले गेली. चीक तळाले लागत होता. खरंच लागत होता. मी परत आली तोवर तुम्ही निघून गेले होते. मग गावाहून आले अन् स्लॅबवर पिशव्या पाहिल्या, अन् तेच माझं उत्तर समजले. चूप राहणं म्हणजे नाही, असं तुम्हाले कोणी सांगितलं? माझं उत्तर तुम्ही माझ्या नणंदेच्या हातून घेऊन गेले, मले न विचारता. तर आता माझ्या हातचं घ्या. मी येते. सोबत येते, पुढं-मागं नाही. धम्मानंदले काल फोनवर सांगितलं. तो म्हणाला, आई, काका चांगले आहेत, पण लोक? मी म्हटलं, लोकांनी मले ताप आला तेव्हा कधी खिचडी आणून दिली होती? दिवाळीनंतर दिली ती समोरच्या खोलीतून काकांनीच, तुले सांगितलं होतं. मग तो हसला अन् विचारते, त्यांना बीपी आहे का? तेवढं खरं-खरं कळवा. बायजाबाई पौर्णिमेपर्यंत थांबून राहिल्या आहेत, त्यांनी स्वतःची पांढरी साडी पण काढून ठेवली. पौर्णिमा पुढच्या सोमवारी आहे. मी स्पीड पोस्टानं टाकून राहिली, तर बुधवार-गुरुवारपर्यंत पोचेल, म्हणजे विचार करायले तुमच्यासारख्या माणसाले पण वेळ आहे. भावाकडून निरोप चालणार नाही, पिशव्यांचं कसं चालू आहे असं विचारून विषय बदललेला चालणार नाही. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही, पण तुमच्या तोंडानं. खिरीचं दूध गवळ्याले आधी सांगावं लागते, पौर्णिमेले ऐन वेळी मिळत नाही. शनिवारी संध्याकाळपर्यंत उत्तर पाहिजे. नाही आलं, तर मी दूध दोघी बायांपुरतंच सांगीन.

तुमचीच,
माया